अनुदान मंजूर, खात्यात २,१४० डॉलर: बाल्टिमोरमधली माझी खजिनदारकी

मेथीआंबा

गेली तीन वर्षं मी वेस्ट बाल्टिमोरमधल्या एका छोट्या नॉनप्रॉफिटची खजिनदार आहे. बिनपगारी. दिवसा एका कंपनीत अकाउंट्स बघते, घर जवळच्या कोलंबिया गावात. संस्था शाळा सुटल्यावर मुलांचा अभ्यास घेते, संध्याकाळी जेवू घालते आणि उन्हाळ्यात दिवसभराचं शिबिर चालवते. वर्षाचं बजेट तीन लाख डॉलरच्या आतबाहेर. संस्था चालवणाऱ्या बाई कृष्णवर्णीय, त्याच गल्लीत वाढलेल्या. बोर्डावरही मी सोडून सगळे कृष्णवर्णीयच. मुलं त्यांना 'मिस' लावून पहिल्या नावाने हाक मारतात. इथे नाव लिहीत नाही, नुसतं बाई म्हणते.

धागा काढायचं कारण असं, की गेल्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमात जेवताना एक काका म्हणाले, "२०२० नंतर त्यांच्या संस्थांना पैसाच पैसा मिळालाय की!" (२०२० म्हणजे पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला आणि देशभर कृष्णवर्णीयांच्या बाजूने आंदोलनं झाली, ते वर्ष.) माझ्या तोंडात पुरी होती, त्यामुळे उत्तर राहून गेलं. ते इथे देते.

ऑगस्टमधला गुरुवार. शिबिरासाठी एका सरकारी खात्याकडून आम्हाला ६०,००० डॉलर मंजूर झाले होते. मंजुरीचं पत्र ऑफिसच्या भिंतीवर चिकटवलेलं. पण हे पैसे रीइम्बर्समेंटवर, म्हणजे आधी तुम्ही खर्च करा, पावत्या जोडा, मग ते देणार. जूनचं आणि जुलैचं अशी दोन व्हाउचर पाठवून झाली होती आणि तिकडून काही हालचाल नाही. शुक्रवारी पगार करायचे होते ५,८०० डॉलरचे. खात्यात होते २,१४०. बाईंनी पर्समधून स्वतःचं क्रेडिट कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, किराणा यावर टाक, खात्यातल्या पैशांना हात लावू नकोस. पगाराला कमी पडलेले बोर्डाच्या अध्यक्षांनी आणि मी मिळून घातले. इतिवृत्तात मी लिहिलं, 'पदाधिकाऱ्यांकडून बिनव्याजी कर्ज'. बाईंच्या कार्डाला मात्र व्याज लागत होतं.

मोठ्या संस्थेत ही वेळच येत नाही. तिच्या गाठीला चार-सहा महिन्यांचे पैसे असतात, नाहीतर बँक उचल देते. आमच्या गाठीला काही नाही, कारण आम्हाला जे मिळतं ते प्रत्येक डॉलरवर नाव घालून मिळतं: हा खाऊचा, हा वह्यांचा, हा बसचा. वीजबिलाचा डॉलर द्यायला कोणी तयार नसतं.

हे आमचंच रडगाणं नाही. नॉनप्रॉफिटना सल्ला देणारी ब्रिजस्पॅन आणि नव्या सामाजिक कामांना फेलोशिप देणारी एकोइंग ग्रीन या दोन संस्थांनी २०२० मध्ये एक अहवाल काढला. एकोइंग ग्रीनच्या फेलोशिपला अर्ज केलेल्या निवडक संस्था घेतल्या आणि गोऱ्यांनी चालवलेल्या आणि कृष्णवर्णीयांनी चालवलेल्या संस्थांचे आकडे शेजारी मांडले. कृष्णवर्णीयांच्या संस्थांचं उत्पन्न सरासरी २४ टक्के कमी निघालं. कुठेही, कसाही वापरता येईल असा जो शिल्लक निधी, तो ७६ टक्के कमी. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचं तर दोघींच्या पगारात चौथ्या हिश्शाचा फरक, पण शेजारणीच्या डब्यात शंभर असतील तर हिच्या डब्यात चोवीस.

त्या काकांना पहिला आकडा थोडाफार माहीत असेल. मला झोप येऊ देत नाही तो दुसरा.

सातारी_तर्री

ताई, छान लिहिलंय. वाचतोय.
(तिकडे गाडी घेऊन जाता? आमच्याकडे त्या भागाचं नाव काढलं तरी लोक 'तिकडे कशाला' म्हणतात.)

मेथीआंबा

दर गुरुवारी जाते. तीन वर्षांत पार्किंगचं एक तिकीट मिळालंय, तेही डाउनटाउनला.

रानवारा

मी विरोधी बाजू घेतो, रागावू नका. देणाऱ्याला हिशेब मागायचा हक्क आहे. भारतात एनजीओंच्या नावाखाली काय काय चालतं ते जवळून पाहिलंय. आणि ते २४ टक्के वगैरे. संस्था नव्या असतील, लहान असतील, कामाचं क्षेत्र वेगळं असेल. लगेच वर्णाशी जोडायची घाई का?

मेथीआंबा

रानवारा, रागावत नाही. माझा पेशाच हिशेब मागायचा आहे.

तुमचा क्षेत्राचा मुद्दा त्या अहवालवाल्यांनाही सुचला होता. म्हणून त्यांनी कृष्णवर्णीय मुलग्यांचं, पुरुषांचं आयुष्य सुधारावं याच एका कामाला वाहिलेल्या संस्था वेगळ्या काढून पाहिल्या. तिथे उत्पन्नातली तफावत ४५ टक्के आणि मोकळ्या निधीतली ९१ टक्के निघाली. म्हणजे जे काम करायला त्या वस्तीतलाच माणूस योग्य असं आपण सहज म्हणू, तिथे फरक वाढला. फक्त वर्णच कारण, असं एवढ्यावरून सिद्ध होतं का? नाही. पण 'क्षेत्र वेगळं असेल' हे उत्तर तिथे चालत नाही.

कारणांबद्दल मला दिसलेलं सांगते. इथल्या बऱ्याच खासगी फाउंडेशनांच्या वेबसाइटवर लिहिलेलं असतं की आम्ही आपणहून आलेले अर्ज घेत नाही. त्यांनी बोलावलं तर अर्ज. बोलावणार कोणाला? ज्याला ओळखतात त्याला. ओळख होते कॉलेजात, क्लबात, कोणाच्या तरी घरच्या जेवणात. आपण याला वशिला म्हणतो, इथे नेटवर्क म्हणतात. बाई आयुष्यात एकदाही अशा जेवणाला गेलेल्या नाहीत.

आणि हिशेबाचं म्हणाल तर जरूर मागा, पण माप बघून. ५०,००० डॉलरच्या आत जमा असलेल्या संस्थेला आयआरएस, म्हणजे इथलं आयकर खातंसुद्धा, पोस्टकार्डाएवढा फॉर्म ९९०-एन देते, मोठीला पूर्ण ९९०. सरकारला हा फरक कळतो. एका फाउंडेशनने मात्र ८,००० डॉलरच्या ग्रँटसाठी आमच्याकडे सीपीएचं (म्हणजे इथल्या सीएचं) ऑडिट मागितलं. ऑडिटचं कोटेशन आलं ९,५००.

अनुस्वार

ऑडिट ९,५०० आणि ग्रँट ८,०००. हे वाक्य फ्रेम करून लावायला हवं.

निमशहरी

लातूर जिल्ह्यात एका संस्थेत काम करतो. वाचताना वाटलं आमच्याच ऑफिसची गोष्ट चाललीय, फक्त डॉलरच्या जागी रुपये घालायचे.

कंपनी कायद्यातल्या कलम १३५ मुळे २०१४ पासून सीएसआर सक्तीचं झालं, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. चांगलं झालं. पण कंपनीने सीएसआरवरचा स्वतःचा प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर नेऊ नये, हा नियम कंपनीला असून तिथले साहेब तो आम्हालाच ऐकवतात. दुसरीकडे आपल्या परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. शिवाय परदेशातून आलेला पैसा एका संस्थेने दुसरीला द्यायचा नाही. आमच्यासारख्या गावपातळीवरच्या कित्येक संस्थांना पैसे यायचे ते पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेमार्फतच. ती वाट बंद झाली.

आणि 'क्षमता'! तुमच्याकडेही हाच शब्द आहे का? दलित, भटके-विमुक्त कार्यकर्त्यांनी चालवलेल्या संस्थेला भेट द्यायला येतात, चहा घेतात, पाड्यावर फोटो काढतात आणि परत जाऊन कळवतात की काम उत्तम आहे, पण संस्थेची क्षमता कमी पडते. अहो, क्षमता म्हणजे इंग्रजी येणारा एक माणूस आणि चालणारा प्रिंटर. दोन्हीला पैसे लागतात.

मेथीआंबा

निमशहरी, आमच्याकडे 'कपॅसिटी'. शब्द तोच. चहाऐवजी कॉफी.

एक बरी बातमी: ज्यांचा ओव्हरहेडचा, म्हणजे भाडं-वीज-हिशेब अशा वरखर्चाचा, दर सरकारशी ठरलेला नाही अशा संस्थांना फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, ग्रँटमध्ये त्यासाठी सरसकट १० टक्के धरता यायचे. ऑक्टोबर २०२४ पासून ते १५ झाले. खासगी देणगीदारांवर ते बंधनकारक नाही, पण निदान दाखवायला एक आकडा मिळाला.

चष्मेबद्दूर

प्रामाणिक प्रश्न. 'फक्त ब्लॅक लोकांच्या संस्थांना' असं म्हणून पैसे देणं हाही वर्णभेदच ना? उलट्या दिशेचा?

अनुस्वार

मी अटलांटात राहतो, म्हणून हे प्रकरण जवळून वाचलंय. फिअरलेस फंड म्हणून इथे एक गुंतवणूक फंड आहे, कृष्णवर्णीय बायकांनी २०१९ मध्ये सुरू केलेला. कृष्णवर्णीय बायकांच्या छोट्या धंद्यांना २०,००० डॉलरची ग्रँट द्यायची त्यांची एक स्पर्धा होती. (धंदे, नॉनप्रॉफिट नव्हेत. पण निकालाची झळ सगळ्यांनाच लागली.) ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांच्यावर दावा झाला. दावा करणारी संस्था एडवर्ड ब्लम यांची. हार्वर्डने प्रवेश देताना वर्ण पाहू नये म्हणून खटला सुप्रीम कोर्टापर्यंत नेऊन जून २०२३ मध्ये जिंकलेले तेच.

दाव्याचा आधार काय, तर १८६६ चा नागरी हक्क कायदा. यादवी युद्धानंतर, गुलामीतून सुटलेल्यांना गोऱ्यांइतकाच करार करायचा हक्क मिळावा म्हणून केलेला. कोर्टापुढे प्रश्न आला की ग्रँट म्हणजे दान की करार? स्पर्धेला नियम होते, अर्जदाराने ते मान्य करायचे होते, म्हणून करार. आणि करार असेल तर वर्ण पाहून दार बंद करता येत नाही. जून २०२४ मध्ये अकराव्या सर्किटच्या अपील कोर्टाने २ विरुद्ध १ मतांनी ती स्पर्धा थांबवली. सप्टेंबरमध्ये तडजोड झाली आणि ग्रँट कायमची बंद.

तेव्हा चष्मेबद्दूर, तुमच्या प्रश्नाला त्या कोर्टाने तुमच्या बाजूचं उत्तर दिलंय. मला ते पटत नाही. ज्यांच्यासाठी कायदा केला त्यांच्याच नातींच्या विरोधात तो वापरला जातो, यात काहीतरी उलटंपालटं आहे. पण माझ्या पटण्यावर कोर्ट चालत नाही.

चष्मेबद्दूर

धन्यवाद, सविस्तर सांगितल्याबद्दल. मुद्दा माझ्या बाजूचा लागला तरी त्या स्पर्धेतल्या बायकांचं वाईट वाटलंच.

मेथीआंबा

अनुस्वार, झळ लागली म्हणजे कशी ते सांगते. एका फाउंडेशनचा फॉर्म मी तीन वर्षं भरतेय. पहिल्या वर्षी त्यात सरळ विचारलेलं असायचं: संस्थेचं नेतृत्व कृष्णवर्णीय आहे का? बोर्डावर किती टक्के? पुढच्या वर्षी 'समुदायाशी जवळीक असलेलं नेतृत्व' आलं. यंदा फक्त झिप कोड, म्हणजे आपला पिनकोड. प्रोग्राम ऑफिसर फोनवर म्हणाली, आम्हाला द्यायचंय तुम्हालाच, पण कागदावर तसं लिहायचं नाही असं वकिलांनी सांगितलंय.

बाल्टिमोरमध्ये झिप कोडवर भागतं, ही या शहराची कर्मकहाणी. कोणत्या गल्लीत कृष्णवर्णीयांनी राहायचं आणि कोणत्या गल्लीत गोऱ्यांनी, हे ठरवणारा देशातला पहिला शहरी कायदा १९१० मध्ये इथेच झाला. १९१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने असे कायदे रद्द ठरवले, पण तोवर रेघ पडली होती. आज तीच रेघ ग्रँटच्या फॉर्मवर आम्हाला उपयोगी पडतेय.

फेडरल पैशांचं आणखी वेगळं. जानेवारी २०२५ मध्ये निघालेल्या एका अध्यक्षीय आदेशानुसार ग्रँट घेणाऱ्याने लिहून द्यायचं की आम्ही डीईआयचे (विविधता, समता, समावेशन) 'बेकायदेशीर' कार्यक्रम चालवत नाही. बेकायदेशीर म्हणजे नक्की कोणते, ते आदेशात नाही. चुकलं तर खोटा दावा केल्याच्या कायद्याखाली कारवाई होऊ शकते. आमचं शहर स्वतः या आदेशाविरुद्धच्या दाव्यात वादी होतं. इथल्या कोर्टाने फेब्रुवारीत स्थगिती दिली, मार्चमध्ये वरच्या कोर्टाने ती बाजूला ठेवली. आमच्या बोर्डात यावर दोन तास चर्चा झाली. वकील नाही, परवडत नाही. शेवटी बाई म्हणाल्या, आपण मुलांना गणित शिकवतो आणि जेवू घालतो, यात बेकायदेशीर काय आहे ते मला येऊन दाखवू दे. आणि सही केली.

गोदाकाठ

मी नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला असते. इथून तासाभरावर शेतात एक जुनी लाकडी शाळा आहे, ओळीने मोठमोठ्या खिडक्या. रोझेनवाल्ड शाळा. सीअर्स या दुकानदारी कंपनीचे ज्यूलियस रोझेनवाल्ड आणि कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९१२ च्या सुमारास कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा बांधायची ही योजना सुरू केली, अलाबामातल्या सहा शाळांपासून. १९३२ पर्यंत दक्षिणेत जवळजवळ ५,००० शाळा उभ्या राहिल्या, सगळ्यांत जास्त आमच्या राज्यात, आठशेच्या वर.

आता मेथीच्या विषयाशी संबंध. ती मॅचिंग ग्रँट होती. गावाने आधी आपला वाटा उभा करायचा, मग फंडाचे पैसे. कोणी जमीन दिली, कोणी लाकूड, कोणी आपल्या शेतातला एका वाफ्याचा कापूस शाळेच्या नावाने बाजूला ठेवला. शेवटी बेरीज केली तर रोझेनवाल्ड फंडाचे साधारण ४४ लाख डॉलर आणि कृष्णवर्णीय गावकऱ्यांचे ४७ लाख. आणि हे लोक शाळेसाठीचा कर आधीच भरत होते, जो गोऱ्यांच्या शाळांवर खर्च होत होता. म्हणजे एकाच शाळेसाठी दोनदा पैसे मोजले.

पण रोझेनवाल्डांचं एक मला फार आवडतं. फंड कायमचा ठेवायचा नाही, खर्चून संपवायचा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. १९४८ मध्ये फंड खरंच संपला. आत्ताच्या खासगी फाउंडेशनांना कायद्याने वर्षाला साधारण ५ टक्के वाटावे लागतात. बहुतेक जण ते छताऐवजी तळ आहे हे विसरतात.

फिलीकर

गोदाकाठ, सुंदर. आमच्या फिलाडेल्फियाची पुरवणी जोडतो. रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स या दोघा कृष्णवर्णीयांनी १७८७ मध्ये फ्री आफ्रिकन सोसायटी काढली. सभासदांनी दर महिन्याला थोडी वर्गणी भरायची, त्यातून आजाऱ्याला, विधवेला मदत. आपली भिशी आणि पतपेढी यांच्या मधलं काहीतरी. १७९३ मध्ये पिवळ्या तापाची साथ आली तेव्हा याच लोकांनी शहरातल्या गोऱ्या रोग्यांची शुश्रूषा केली, मढी उचलली, आणि वर त्यांच्यावरच पैसे उकळल्याचा आरोप झाला. दोघांनी हिशेब मांडणारी पुस्तिका छापून उत्तर दिलं. जमा किती, खर्च किती, शवपेट्यांना किती. मेथीताई, तुमच्या खजिनदारकीची परंपरा जुनी आहे.

रानवारा

हे माहीत नव्हतं. शवपेट्यांचा हिशेब! बरं, माघार नाही पण एक पाऊल मागे.

सातारी_तर्री

फुल्यांनी १८७३ चं पुस्तक अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवणाऱ्यांना अर्पण केलं होतं, हे अजून कोणी काढलं कसं नाही?

निमशहरी

काढलं की दर धाग्यावर तेवढंच निघतं. अर्पणपत्रिका सगळ्यांना पाठ. वर्गणीचं बोला.

सातारी_तर्री

:) बरं, वर्गणीचं. ॲमेझॉनच्या बेझोसच्या आधीच्या बायको मॅकेन्झी स्कॉटबाई अब्जावधी वाटतायत ना, अर्ज नाही, अटी नाहीत, कसेही वापरा? २०२० मध्ये कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांनाही भरपूर दिले. तुमच्या शेजारच्या मॉर्गन स्टेट विद्यापीठालाच ४ कोटी डॉलर. तुम्ही का नाही मागत?

मेथीआंबा

त्यांच्याकडे मागायचं नसतं, त्याच शोधतात. एकदाच खुला अर्ज निघाला होता, २०२३ मध्ये. मी रात्री अकराला फॉर्म उघडला. पहिलीच अट: वार्षिक खर्च १० ते ५० लाख डॉलरच्या दरम्यान हवा. आम्ही तीन लाखवाले. फॉर्म मिटला आणि भांडी घासली. मार्च २०२४ मध्ये ३६१ संस्थांना मिळून ६४ कोटी डॉलर दिले. चांगलंच केलं, देण्याची ती रीत मला सगळ्यांत पटते. पण मोठ्यांतल्या छोट्यांना मिळालं. छोट्यांतले छोटे अजून रांगेतच.

शहराचा एक फंड मात्र खरंच आमच्या मापाचा आहे. २०१५ मध्ये फ्रेडी ग्रेचा पोलिसांच्या ताब्यात जीव गेला, शहर पेटलं. २०१६ मध्ये मतदारांनी शहराच्या सनदेत बदल करून मुलांसाठी बाल्टिमोर चिल्ड्रन अँड यूथ फंड काढला. घरपट्टीच्या मूल्यांकनातल्या दर १०० डॉलरमागे किमान ३ सेंट त्यात जातात. कोणाची मर्जी नाही, कोणाचं जेवण नाही. पैसे शहरातल्याच लोकांच्या करातून.

चष्मेबद्दूर

व्यावहारिक प्रश्न. आमच्यासारख्यांनी काय करायचं? चेक लिहायचा?

मेथीआंबा

चेक लिहाच. पण त्यावर 'वह्यांसाठी' असं काही लिहू नका, कोरा ठेवा. एकदम १,२०० देण्यापेक्षा महिन्याला १०० दिलेत तर ऑगस्टमध्ये जास्त कामाला येतात. तुमची कंपनी तेवढीच भर घालून तुमची देणगी दुप्पट करत असेल तर तो फॉर्म भरायचा कंटाळा करू नका. आणि हिशेबाची पुस्तकं लिहिता येत असतील तर मैलभरातली एखादी संस्था शोधून महिन्याचे चार तास द्या. मात्र जाऊन सल्ले देऊ नका. पहिले सहा महिने मी फक्त पावत्या लावत होते. त्यातूनच कळलं की बाईंना दूध कुठे किती सेंट स्वस्त मिळतं हे पाठ आहे.

गोदाकाठ

मेथी, त्या ६०,००० चं पुढे काय झालं? आले का?

मेथीआंबा

आले, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. २१२ डॉलर ३७ सेंट कापून.

झालं असं की किराण्याच्या काही पावत्या व्हॅनच्या कप्प्यात राहिल्या होत्या. थर्मल कागद, जुलैचं ऊन. कोऱ्या पांढऱ्या झाल्या. मी खिडकीशी धरून, फोनचा टॉर्च मागून मारून पाहिलं, 'टोटल' एवढा शब्द दिसत होता, आकडा नाही. कार्डाचं स्टेटमेंट जोडलं. उत्तर आलं, त्यावर वस्तूंची यादी नाही, म्हणून चालत नाही. त्या गाडीत २४ डझन अंडी होती आणि ती मुलांनी खाल्ली, हे मला माहीत आहे. सिद्ध करता येत नाही.

आता व्हॅनच्या डॅशबोर्डवर चिठ्ठी लावलीय: पावती हातात आली की आधी फोटो.

रानवारा

मग ते २१२ कोणी भरले?

मेथीआंबा

बाईंनी. इतिवृत्तात आधी 'कर्ज' लिहिलं होतं, त्यांनी खोडायला लावून 'देणगी' करवलं. मी त्यांना करसवलतीची पावती फाडून दिली. साध्या कागदावर, शाईच्या पेनाने.